शुद्धिपत्रक क्रमांक १

"नाव काढाचं काम कोण करते इथी?"

मी खुर्चीतल्या खुर्चीत वळलो. दारात एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात मोबाइल. माझ्या खोलीत मुद्दाम कुणी येत नसे. कुणी आलंच तर झेरॉक्सची खोली समजून शिरायचं आणि माझं तोंड पाहून आल्या पावली परत जायचं. हीसुद्धा जाईल असं वाटलं, पण ती जागची हलली नाही.

"कसलं नाव?" मी विचारलं.

"वेबसाइटवरचं. खालच्या बाबूनं सांगतलं, वरच्या कोपऱ्यात कोकणातले सर बसतात, वेबसाइट म्हणजे तेच."

बाबूचं चुकलं नव्हतं. त्या कार्यालयाची वेबसाइट म्हणजे मीच. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. विदर्भातल्या एका जिल्ह्याचं ठिकाण होतं, कोणतं ते सांगत नाही. तिथे मी कंत्राटी तांत्रिक सहायक होतो. उपेंद्र मेस्त्री, राहणार कुडाळ, वय एकोणतीस, अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक दिवसाचा खंड, की पुन्हा अकरा महिने. आमची जुनी वेबसाइट कुणा परक्या देशातल्या टोळक्याने फोडली होती आणि योजनांच्या पानावर चक्क जुगाराची जाहिरात लावली होती. पेपरात छापून आलं, वरून खरडपट्टी निघाली, आणि मग बावीस लाख खर्चून नवी वेबसाइट उभी राहिली. सुरक्षेची तपासणी झाली, तिचं प्रमाणपत्र आलं. मी ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलं होतं. घरच्यांचा फोटो लावायच्या जागी लोक काय काय लावतात!

पहिल्या पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा दिसायचा. रोज दहा-बारा माणसं येत. त्यातल्या नऊ वेळा मीच असायचो. सकाळी येऊन पान उघडायचं, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघायचं, आणि दुपारी डबा खाताना पुन्हा उघडायचं. बोलायला दुसरं कुणी नव्हतं. रविवारी तर सोमवार कधी उजाडतो असं व्हायचं. हे त्या काळात मी कुणाला सांगितलं नसतं, आईला तर नाहीच.

दुसऱ्या खुर्चीवर कागदांचा ढीग होता. तो मी उचलून जमिनीवर ठेवला आणि म्हटलं, "बसा."

ती बसली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. आमचीच यादी होती. परित्यक्ता व निराधार महिलांना शिलाई यंत्र वाटप, पात्र लाभार्थी. अनुक्रमांक १६३. वनिता गजानन ठोंबरे. पुढे राहण्याचा पत्ता, घरमालकाच्या नावासकट, आणि मोबाइल क्रमांक.

"हे मी हाय," ती म्हणाली. "शिवणवर्गातल्या एकीनं दाखवलं. तिले लय मजा वाटली, वनिताबाई, तुमी तर इंटरनेटवर आल्या. मी तं तशीच उठून इथी आली."

"का?"

तिने दाराकडे एकदा पाहिलं. "माह्या नवऱ्याले माहीत नाही मी कुठी हाय ते. चार वर्सं झाले. पोरीले घेऊन निघाली तवा ती दोन वर्साची होती. हे तिसरं गाव हाय माह्यं. पयल्या दोन्ही गावी तो आला. दुसऱ्या गावी आला तवा…" तिने डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताने चोळलं. ते मनगट नीट वळत नाही हे नंतर माझ्या लक्षात आलं. "इथी दीड वर्स झालं. पोरगी पयलीत गेली. आता मले हे गाव सोडाचं नाही सर. बस, एवढंच पाह्यजे."

"त्याला मोबाइल-बिबाइल समजतो?"

"त्याले नाही समजत. पण गावात ऑनलाइनवाला हाय ना, सातबारा काढून देते तो. त्याच्याकडं बसते अन् म्हणते, टाक हिचं नाव, पाह्य कुठी दिसते काय. माह्या बहिणीनं सांगतलं. पंध्रा दिसाले एक फेरा असते त्याचा."

मला हायसं वाटलं, कारण याचं उत्तर माझ्याकडे होतं. उत्तर तयार असलं की मला फार बरं वाटायचं. मी तिला समजावलं, "ताई, ही यादी कागदाचा फोटो आहे. फोटोतलं नाव शोधून सापडत नाही. त्याने शंभर वेळा नाव टाकलं तरी हे पान येणार नाही. मुद्दाम एकेक पान उलगडत बसला तरच. अशा दोनशे बारा याद्या आहेत आमच्या. आणि वेबसाइट एकदम सुरक्षित आहे, हे बघा प्रमाणपत्र. कुणी फोडू शकत नाही."

तिने चौकट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "सर, चोराले कुलूप तोडा कायले लागते? पत्ता तं तुमीच दारावर लावून देला."

तपासणी करणाऱ्यांनी बाहेरचा कुणी आत शिरू शकतो का, तेवढंच पाहिलं होतं. आतले आम्ही बाहेर काय काय मांडून ठेवतो, ते कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही. त्या यादीची बावीस पानं मीच स्कॅन करून चढवली होती, चहा पीत पीत.

"काढतो," मी म्हटलं. "दोन-तीन दिवस द्या."

"आता नाही निघत?"

निघत होती. यादीवर टिचकी मारायची, 'काढा' म्हणायचं, 'नक्की?' असं विचारल्यावर 'हो' म्हणायचं. दहा सेकंदांचं काम. पण आमच्याकडे सहीने चढलेली गोष्ट सहीनेच उतरायची. त्यात पुढच्या सोमवारी वेबसाइटच्या मूल्यमापनाची समिती येणार होती, बावीस लाखांचं चीज झालं की नाही ते बघायला, आणि तोवर एक अक्षर हलवायचं नाही असा तोंडी हुकूम होता. माझी नेमणूक महिनाअखेर संपत होती.

"रीतसर काढावं लागतं," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. तिने पदर सावरला आणि गेली.

अधीक्षक ढोमणे साहेबांकडे गेलो तेव्हा ते पानाला चुना लावत होते. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि तेवढं बिनडागाचं निघावं एवढीच त्यांची इच्छा होती. सगळं ऐकून त्यांनी पान तोंडात टाकलं.

"मेस्त्री, बाईचं खरं हाय. मले कळते. पण याद्या टाका म्हणून वरून कोणी सांगतलं? सरकारनं. पारदर्शकता पाह्यजे. आता लाभार्थ्याच्या यादीतून मधातलंच एक नाव गायब झालं अन् उद्या कोणी विचारलं, एकशे त्रेसष्टवाली कुठी गेली, तिची मशीन कोणी खाल्ली, तं मी काय सांगू?"

"पण साहेब, तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच सांगतो, गुपचूप नोका काढू. कागदावर काढा. टिपणी मांडा, कारण सविस्तर लिहा, मी पुढं ढकलतो. सही झाली की कोणी बोट नाही दाखवणार. ना तुमच्यावर, ना माह्यावर, ना त्या बाईवर."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. टिपणी मांडायची म्हणजे काहीतरी करायचं, आणि त्या गावात येऊन दोन वर्षांत कुणासाठी काही करायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती. मी दोन वेळा खाडाखोड करून टिपणी लिहिली. कारण सविस्तर लिहिलं. मंगळवारी ती ढोमणे साहेबांच्या सहीने पुढे गेली आणि मी तिच्या मागे लागलो. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण मी तीन दिवसांत खोटी पाडली. फाइल लेखा शाखेत अडली तर तिथे जाऊन उभा राहिलो. साहेब दौऱ्यावर गेले तर चालकाला फोन करून परत कधी येणार ते विचारलं. डबा तसाच राहायचा. कार्यालयातल्या लोकांना वाटलं, बाई मेस्त्रीच्या नात्यातली असणार.

शिवणवर्ग एक वाजता सुटायचा. वनिताताई रोज सव्वाच्या सुमारास वर येऊन दहा मिनिटं बसायच्या.

"आज कुठपर्यंत गेली?" त्या फाइलबद्दल असं विचारायच्या, जणू गावाहून निघालेल्या पाहुण्याची एसटी कुठवर आली ते विचारतायत.

"लेखा शाखेतून सुटली."

"वा बाप्पा."

मग दुसरं काही बोलणं निघायचं. मुलगी शाळेत काय शिकली. परकराला नेफा कसा लावतात. कोकणात खरंच दारात समुद्र असतो का. मी म्हटलं, आमचं घर समुद्रापासून बरंच लांब आहे, तर त्यांना वाईट वाटलं. बुधवारी त्यांनी माझी कॉलर पाहिली. "भाऊ, घासून गेली पार. सोमवारी शर्ट घेऊन या, उलटून देतो. कोणाले समजणार नाही." सर म्हणायचं सोडून त्या भाऊ म्हणाल्या हे मला कळलं, पण मी तसं दाखवलं नाही. त्या रात्री मी शर्ट धुऊन वाळत घातला, सोमवारला पाच दिवस बाकी असताना.

गुरुवारी संध्याकाळी आदेश आला. नाव वगळण्यास मान्यता, तसे शुद्धिपत्रक प्रसिद्ध करावे. खाली हिरव्या शाईची सही. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

शुक्रवारी सकाळी यादीची नवी प्रत केली. १६३वर काळी पट्टी मारली, जुनी प्रत काढली, नवी चढवली. मग शुद्धिपत्रक. ढोमणे साहेब म्हणाले, सहीचा कागद आहे तसा स्कॅन करून लाव. पण ते माझ्या मनाला येईना. गुणवत्तेच्या निकषांत स्पष्ट लिहिलं होतं, की मजकूर कागदाचा फोटो नसावा, टंकलिखित असावा, आंधळ्या माणसालाही यंत्राकडून वाचून घेता यावा. दोनशे बारा याद्यांचे फोटो लावून मी त्या निकषाला हरताळ फासला होता, निदान हे एक तरी नियमात बसवावं. समितीही येणारच होती. मी आदेशातला मजकूर जसाच्या तसा, काना-मात्रा तपासून टंकला. पहिल्या पानावर सगळ्यात वर लावला. शेजारी 'नवीन' असा लाल लुकलुकता शिक्का बसवला. लांब उभं राहून पाहिलं. देखणं दिसत होतं.

त्या दिवशी शिवणवर्गाला सुट्टी होती, म्हणून वनिताताई आल्या नाहीत. फोन करावा असं वाटलं. पण अशी बातमी समोर बसवून द्यावी, त्यांचा चेहरा पाहावा, असा लोभ मला सुटला. म्हटलं, सोमवार कुठे लांब आहे.

शनिवार-रविवार कसे गेले ते आठवत नाही. सोमवारी सकाळी पिशवीत शर्ट घेऊन आलो आणि सवयीने पान उघडलं. आकडा सत्तेचाळीसने वाढला होता. निम्म्याहून जास्त माणसं थेट शुद्धिपत्रकावर आली होती. मला आनंद झाला. खरोखरचा आनंद झाला, हे मी लपवत नाही. एवढी माणसं माझ्या वेबसाइटवर कधी आली नव्हती.

अकराला समिती आली. तिघं होते. त्यांनी हे दाबलं, ते दाबलं. त्यांतल्या चष्मेवाल्या बाईंनी शुद्धिपत्रक उघडलं, वर-खाली केलं आणि म्हणाल्या, "टंकलिखित आहे. तत्परता चांगली आहे." ढोमणे साहेबांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मग सगळे चहाला शेजारच्या सभागृहात गेले.

सव्वा वाजून गेला तरी वनिताताई आल्या नाहीत. समितीला बघून खालूनच परत गेल्या असतील असं वाटलं. दीड वाजता मात्र मला राहवेना. मी फोन लावला.

"ताई, मेस्त्री बोलतोय. झालं काम. नाव निघालं."

"खरंच?" मागे शिलाई यंत्रांचा आवाज होता. "आमाले आज मालाची घाई हाय, वर्ग सुटला नाही अजून. खरंच निघालं भाऊ?"

"बघा ना मोबाइलवर. पहिल्याच पानावर आहे, लुकलुकतंय बघा."

"थांबा हं. फोन चालू ठेवा."

यंत्रांचा आवाज मागे पडला. त्या बाहेर आल्या असाव्यात. मग त्यांचं वाचन ऐकू आलं. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसासारखं, एकेक शब्द धरून, मोठ्याने.

"शुद्धिपत्रक क्रमांक एक. शिलाई यंत्र वाटप यादीतील अनुक्रमांक एकशे त्रेसष्ट, श्रीमती वनिता गजानन ठोंबरे, सध्या राहणार, द्वारा श्रीमती राऊत, जुन्या जिनिंगच्या मागे… यांचे नाव, त्यांचा ठावठिकाणा त्यांच्या पतीस कळू नये या कारणास्तव… वगळण्यात येत आहे."

कारण माझ्याच टिपणीतलं होतं. शब्दन् शब्द माझा. तीन दिवस ती फाइल मी छातीशी धरून फिरवली होती, काना-मात्रा तपासून टंकली होती, आणि ती मी वाचली मात्र नव्हती. ती मी आत्ता ऐकत होतो.

"भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "हे काय लिवलं?"

मी माझ्या पडद्यावर तेच पान उघडलं.

"हे नाव टाकलं तं सापडते काय? का हाबी फोटो हाय?"

"सापडतं," मी म्हटलं.

"कधीपासून हाय हे?"

"शुक्रवारपासून."

"आज सोमवार," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मी शुद्धिपत्रकावर टिचकी मारली. काढा. नक्की? हो. दहा सेकंद. कुणाची सही लागली नाही. शेजारून समितीच्या कपबशा वाजत होत्या. मग शोधायच्या चौकटीत मी स्वतः ते नाव टाकून पाहिलं. पहिल्याच ओळीत आलं. आम्ही पान काढलं तरी शोधणाऱ्या यंत्रांनी त्याची प्रत आपल्याकडे करून ठेवलेली असते आणि ती जायला दिवस लागतात. हे मला शिकवावं लागत नव्हतं. हे मी इतरांना शिकवायचो. पुन्हा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही.

ढोमणे साहेब दारात येऊन म्हणाले, "चला मेस्त्री, समिती बोलावते." मी त्यांच्या अंगावरून जिना उतरलो. ते मागून दोनदा ओरडले.

रिक्षावाल्याला पत्ता सांगायला मला कागद काढावा लागला नाही. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागे एक गल्ली होती, तिच्या टोकाला राऊतांचं घर. बाजूच्या खोलीला कुलूप होतं. खिडकीतून शिलाई यंत्र दिसत होतं, सरकारी, हिरवा पट्टा असलेलं. त्याच्या सुईखाली एक निळं कापड अर्धवट शिवलेलं तसंच होतं.

मी राऊतांचं दार वाजवलं. साठीच्या एक काकू बाहेर आल्या. अर्धंच दार उघडून त्यांनी हात चौकटीवर ठेवला.

"वनिताबाई आहेत?"

"नाही. गेली."

"कुठे गेल्या?"

"मले काय माहीत? आता पाच-सात मिनिटं झाले. धावत आली, पोरीले शाळेतून तशीच उचलून आणली, दोन पिशव्या भरल्या अन् गेली. मशीन नेता येत नाही म्हणे, तुमीच ठेवा. पोरगी रडत होती, तिची पाटी शाळेतच राह्यली म्हणून." काकूंचे डोळे भरून आले होते, पण चौकटीवरचा हात तिथेच होता. "मीच सांगतलं तिले, सकाळी दोघं जण येऊन गेले मोटरसायकलवर म्हणून. माहेरचे हाओत म्हणे. मी म्हटलं, दुपारी येते ती. मले काय माहीत बाप्पा. दोन वाजता पुन्हा येतो म्हणून गेले."

मी घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी होते. गल्लीच्या तोंडाशी कुणी नव्हतं.

"मोबाइलही बंद येतोय," मी म्हटलं.

"मोबाइलातलं ते कार्ड काढून नालीत फेकलं तिनं. माह्या समोर." काकूंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमी कोण तिचे?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मंग घर कसं सापडलं तुमाले? याआधी तं कधी आले नाही."

"पत्ता वेबसाइटवर होता."

"सकाळचे दोघंबी हेच म्हणे," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावून आतून कडी घातली.